सावलीतले छत्तीस अंश

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपुढे मिरवायला आमच्या भंडाऱ्याच्या माणसाकडे फारसं काही नसतं. समुद्र नाही, विमानतळ नाही, आणि आमचा तांदूळ कितीही चांगला असला तरी भातावरून कुणी कुणाला मान देत नाही. मग उरतं ऊन. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं, "यंदा पुण्यात फार उकडतंय हो, परवा चाळीस होतं," की आमचा माणूस हातातला घास ताटात ठेवतो. "चाळीस?" तो विचारतो. "चाळीसला तर आम्ही माठ भरायला घेतो." समोरचा गप्प होतो आणि आमच्या माणसाला वाढलेला मठ्ठा जास्तच गोड लागतो.

मी या कलेत तरबेज होतो. 23 मे 2013 या दिवशी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, ही तारीख मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. ती मी जिथे-तिथे ऐकवत असे. त्या दिवशी मी स्वतः काय करत होतो, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मी करडीचा. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. पण तालुक्याच्या गावी जायचं तर मध्ये वैनगंगा आडवी येते. एका अंगाला कोक्याचं जंगल, जे 2013 सालीच अभयारण्य झालं, आणि बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या. आमच्याकडे सपाटीवरून उठून दिसणारी गोष्ट म्हणजे बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. तोही पावसाळ्यात पाय घसरायला पुरतो. अशा गावात राहून मी शाळेत भूगोल शिकवतो आणि पर्वतांवर बोलतो.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कोणते? कळसूबाई, उंची 1646 मीटर. हा एका गुणाचा प्रश्न मी इतकी वर्षं घोकून घेतला आहे की, कळसूबाई आपल्याच ओळखीची कुणी बाई आहे असं मला वाटायला लागलं होतं. एकदा सहावीतल्या एका पोरीने हात वर केला. "गुरुजी, तुमी गेलते का जी तिथं?"

मी म्हणालो, "शिक्षकाला सगळीकडे जावं लागत नाही. सूर्यमालाही मीच शिकवतो."

वर्ग हसला. ती पोरगी हसली नाही. तिचं ते न हसणं मला फार महागात पडलं.

शिक्षकाला सुट्टी मिळते ती मे महिन्यात. पावसाळ्यात शाळा आणि शेतात रोवणी, दिवाळीत धानाची कापणी; म्हणजे डोंगर चढायचा तर उन्हाळ्यातच. लोक म्हणाले, वेळ चुकीची आहे. मी गणिताने त्यांची तोंडं बंद करायचं ठरवलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडणी केली : भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. कळसूबाई 1646. फरक धरा 1400. हजार मीटर वर गेलं की हवेचं तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे तर पाठ्यपुस्तकातच आहे. म्हणजे 1400 मीटरला नऊ अंश. आमच्याकडे 45, तर शिखरावर 36. छत्तीस! छत्तीस म्हणजे आमच्याकडची फाल्गुनातली दुपार. मी ते कॅलेंडर बायकोसमोर धरलं.

तिने ते नीट बघितलं आणि उलटं करून परत खिळ्याला टांगलं. "कूलरात पाणी भराले स्टुलावर चढा म्हटलं तर गुडघा दुखते तुमचा. अन् आता कळसूबाई."

पानठेल्यावर तर अधिवेशनच भरलं. "का जी गुरुजी, इकडचं ऊन पुरून नाई रायलं का?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "पावसाळ्यात जा ना जी, धबधबे तरी दिसन." मी त्यांनाही साडेसहा अंशांचा नियम समजावून सांगितला. पानवाल्याने चुना लावता लावता विचारलं, "मंग विमानात तर बरफच पडत असन?" बाहेरच्या हवेपुरतं त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे मी तेव्हा मान्य केलं नाही.

पुण्याचा भाचा दर आठवड्याला कुठला ना कुठला गड चढतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मे महिन्यात दिवसा कुणी जात नाही. लोक रात्री चढतात, वर सूर्योदय बघतात आणि ऊन तापायच्या आत उतरतात."

"अंधारात काय डोंगर दिसणार?"

"मामा, ऊन..."

"ऊन कुणाला सांगतोस? अरे, आम्ही विदर्भाचे."

तो गप्प बसला. लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा मला तिथेही गोड लागला. त्या भरात मी कार्यक्रम वाढवला : सकाळी कळसूबाई, दुपारी रतनगड, संध्याकाळी साम्रदची सांदण दरी. नकाशावर ही तिन्ही ठिकाणं माझ्या अंगठ्याच्या नखाखाली मावत होती. विदर्भातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे चिखलदऱ्याजवळचं वैराट, तेही बाराशे मीटरच्या आत. मी एका दिवसात त्याच्या वर दोनदा जाणार होतो. रतनगड 1297 मीटर आहे. मी बेरीज करून ठेवली होती.

सरावही केला. तुमसर तालुक्यातला आंबागड आमचा हक्काचा किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात राजा खान पठाण या त्याच्या सुभेदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तो कैदी ठेवायला वापरला. मी तो सहज चढलो आणि सहज उतरलो. वर उभं राहून सातपुड्याच्या रांगेकडे पाहताना, भोसल्यांचे कैदी इथून पळून का गेले नसावेत असा प्रश्न मला पडला. आपल्या दमसासाबद्दल माझी खात्री पटली. चढताना सकाळचे सहा वाजले होते आणि साडेसात वाजता मी पायथ्याशी चहा पीत होतो, हा तपशील मला तेव्हा बिनमहत्त्वाचा वाटला.

भाच्याने सामानाची यादी पाठवली होती. त्यातलं बरंचसं मला पुणेरी वाटलं. माणशी चार लीटर पाणी लिहिलं होतं. चार लीटर! मी दोन छोट्या बाटल्या घेतल्या. याचं कारण आमच्या मुलखात आहे. कोहळी लोकांनी पिढ्यानपिढ्या टेकड्यांचं पाणी पाळी घालून अडवलं आणि भंडारा जिल्हा तळ्यांचा करून ठेवला. आमच्याकडे टेकडी दिसली की तिच्या पायथ्याशी बोडी किंवा तलाव असतोच. एवढ्याशा टेकडीला तलाव, तर महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच डोंगराला केवढा असेल, असा माझा हिशेब. पाण्याऐवजी मी काळी छत्री घेतली, पांढरा दुपट्टा घेतला, बाजारातून नवे कॅनव्हासचे बूट घेतले आणि ऊन बाधू नये म्हणून पँटच्या खिशात एक कांदा ठेवला. कांद्याने ऊन लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून विदर्भ एक्सप्रेस धरली आणि पहाटे इगतपुरीला उतरलो. फलाटावर गार वारा. अंगावर शिरशिरी आली. मी तिथूनच घरी फोन केला, "इथे तर स्वेटर लागतो." बायको म्हणाली, "मंग आत्ताच चढा." उभ्या आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात अचूक सल्ला होता.

भाचा आणि त्याचे दोन मित्र गाडी घेऊन वेळेवर हजर होते. उशीर झाला तो माझ्यामुळे. देवीच्या डोंगरावर पारोशा अंगाने कसं चढायचं? घोटीत आंघोळीची सोय शोधली. मग मिसळ. मग पुन्हा चहा. बारी गावात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. अकोले तालुक्यातलं हे गाव अगदी डोंगराच्या पायाशी आहे. वरून उतरून आलेली पोरापोरींची टोळकी गाड्यांत बसत होती. त्यांची तोंडं लाल होती आणि ती आमच्याकडे काळजीने बघत होती. एकाने विचारलं, "काका, आत्ता निघालात?" मी छत्री उघडली आणि म्हणालो, "आम्ही भंडाऱ्याचे."

पायथ्याशी उभं राहून मी त्या तिघांना सह्याद्रीचा पाठ दिला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यातले कठीण थर कडे होऊन उभे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. म्हणून हे डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. दगड काळा, बेसाल्ट. तिघांनी नीट ऐकलं. या पाठाचा खरा अर्थ माझ्या लक्षात यायला अजून तासभर अवकाश होता : उतार दमवतो, कडा आला की शिडी लागते, ती चढली की पुन्हा उतार, पुन्हा कडा. आणि काळा दगड सकाळपासून ऊन पीत बसलेला असतो.

सुरुवातीला शेतं आणि झाडं होती, तोवर मी पुढे होतो. झाडं संपली तसा मी मध्ये आलो. पहिला चढ संपेपर्यंत मी मागे होतो आणि भाचा माझ्या मागे, म्हणजे राखणीला. घामाचं मला नवल वाटलं. आमच्याकडे 45 अंशांत घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतही नाही. हवा इतकी कोरडी की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टाकलं की खोलीत हिवाळा. कूलर चालतो तो याच जोरावर. इथे कोकणातून दमट वारा वर चढतो. घाम यायचा, पण जायचं नाव नाही. कोपरावरून टपटपत राहायचा. म्हणजे माझा अंगचा कूलरही बंद. हे सगळं मी आठवीला शिकवतो.

दोन्ही बाटल्या पहिल्या शिडीच्या आधीच संपल्या. तलाव कुठे दिसत नव्हता.

पहिल्या लोखंडी शिडीशी छत्रीने माझी साथ सोडली. मी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने छत्री धरून चार पायऱ्या चढलो असेन-नसेन, कड्याच्या कोपऱ्यावरून वारा आला, छत्री उलटी झाली, दोन काड्या मोडल्या आणि ती भंडारदऱ्याच्या दिशेने निघून गेली. मी तिला वाचवायला हात सोडणार, तोच भाचा खालून ओरडला, "मामा, छत्री जाऊ द्या!" दोन्ही हातांनी कठडा धरला आणि दोन्ही हात चटकन काढले. मे महिन्यातल्या सकाळी साडेअकराचं ते लोखंड तव्यासारखं तापलं होतं. हात सोडावा तर दरी, धरावा तर चटका. शेवटी दुपट्टा सोडून त्याची दोन टोकं दोन तळहातांना गुंडाळली. डोक्याला ऊन लागू नये म्हणून आणलेला दुपट्टा असा हातांच्या कामी आला आणि डोकं उघडं पडलं.

शिडीच्या मध्यावर मी थांबलो. नुसता थांबलो असं नाही, बसलो. माझ्या वरून एक कुटुंब उतरत होतं आणि खालून भाच्याचे मित्र येत होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या डोक्यापाशी येऊन उभा राहिला. "आई, हे काका शिडीवर का बसलेत?" आई म्हणाली, "दमलेत रे." मुलगा म्हणाला, "मग चढले कशाला?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उठताना पोटरीत गोळा आला. मी तोल सावरायला कठड्यावर पोट टेकलं आणि खिशातल्या कांद्याने जीव सोडला. त्याचा वास बराच वेळ आमच्यासोबत चढत होता.

शिखराच्या अलीकडे एक विहीर आहे आणि तिच्या जवळपास गावकरी सरबत, ताक, पिठलं-भाकरी विकायला बसतात. त्या ताडपत्रीच्या सावलीत मी पोचलो असं म्हणण्यापेक्षा मला तिथे पोचवण्यात आलं. एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे एकदा बघितलं, काही न विचारता लिंबाच्या सरबतात मिठाची चिमूट जास्त टाकली आणि पेला हातात दिला. मग दुसरा दिला. तिसऱ्याला म्हणाली, "बाबा, हळू प्या, घोटाघोटानं." ती सत्तरीची तरी असेल. पायात साध्या प्लास्टिकच्या चपला. बाजूला पाण्याचा कॅन, लिंबांची पिशवी, स्टोव्ह, परात.

मी विचारलं, "आजी, हे सगळं वर कोण आणतं?"

"मीच आणते. नातू असतो जोडीला."

"या उन्हात?"

ती हसली. तिच्या हसण्यात टिंगल नव्हती. खरंच आश्चर्य होतं. "उन्हाचं कोण चढतंय बाबा? आम्ही अंधाराचं येतो. दिवस उगवायच्या आत वर. ऊन कललं की खाली. मधल्या वेळात या सावलीचं हलायचं नाही." मग माझ्या खिशाकडे बघून नाक मुरडलं, "कांदा हाय का तुमच्याकडं?" मी तो काढून दिला. एका अंगाने चेंबला होता. तिने तेवढा भाग काढून टाकला, उरलेला बुक्कीने फोडला आणि पिठल्यासोबत माझ्याच ताटात ठेवला. कांद्याचा उन्हावर उपयोग होतो तो एवढाच, पण होतो खरा.

शेवटची शिडी चढायला भाचा नको म्हणत होता. मी हट्टाने चढलो. सहावीतली ती पोरगी डोळ्यांसमोर होती. शिखर म्हणजे थोडी सपाट जागा आणि मधोमध कळसूबाईचं छोटंसं देऊळ. चौघं-पाचजण आत गेले की देऊळ भरतं. नवरात्रात इथे जत्रा असते, तेव्हा लोक मावतात कसे हे देवीच जाणे. सभोवती अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट, खाली भंडारदऱ्याचं पाणी, दूर हरिश्चंद्रगड आणि रतनगड. नकाशावर नखाखाली मावणारा रतनगड प्रत्यक्षात दिसला, तेव्हा मधल्या दऱ्याही दिसल्या. मी तिथूनच त्याला नमस्कार केला. त्यात आमची भेट झाली असं मी धरतो.

देवळाच्या सावलीत पाय भिंतीला वर टेकवून मी आडवा झालो. भाच्याने मोबाइल बघितला आणि जरा अदबीने म्हणाला, "मामा, तुमचं गणित बरोबर आलं. इथलं तापमान छत्तीस दाखवतंय."

छत्तीस! कॅलेंडरच्या मागे मांडलेलं गणित दशांशालाही चुकलं नव्हतं. आणि मी अर्धमेला पडलो होतो. पडल्या पडल्या भूगोलाचं उरलेलं पान आठवलं. हवामान खातं ज्या तापमापकावर अंश मोजतं, तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. जमिनीपासून सव्वा मीटर उंच, चारी बाजूंनी वारा खेळता, आणि सूर्य त्याला कधीही दिसत नाही. छत्तीस अंश हे त्या पेटीतल्या सावलीचं तापमान. मी काही त्या पेटीत बसून चढत नव्हतो. वरून ऊन, खालून काळ्या दगडाची धग, समोर लोखंडी शिडी आणि पाठीवर निथळणारा घाम. या चौघांना माझ्या गणितात कुठे रकानाच नव्हता.

कळसूबाईची गोष्ट सांगतात ती अशी. कळसू ही कोळ्याची मुलगी, पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट एकच : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस पाहुणे खूप आले आणि पाटलाने तिला भांडी घासायला लावलं. ती घर सोडून थेट या डोंगरावर येऊन राहिली, ती कायमची. पाय वर करून ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात आलं की, तिच्याजवळ वर येण्याचं कारण तरी होतं. आणि ती भर दुपारी निघाली असेल असं मला मुळीच वाटत नाही.

उतरणं हे चढण्यापेक्षा सोपं असतं, असं म्हणणाऱ्याने गुडघे कुठेतरी गहाण ठेवलेले असावेत. वाटेत पुन्हा ताडपत्रीखाली थांबलो, तर उन्हं कलेपर्यंत आजीने आम्हाला हलू दिलं नाही, हे तिचे उपकार. त्यानंतर मी जवळपास अर्धा डोंगर बसून उतरलो. नव्या बुटांनी दोन्ही अंगठे सोलले होते. बेसाल्ट खरबरीत असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पँटच्या मागच्या भागाने ते पडताळून पाहिलं. खाली बारीत पोचेस्तोवर दुपट्टा हातांवरून कमरेला आला होता आणि तो तिथे का आहे हे कुणी विचारलं नाही. सांदण दरीचं नाव त्या दिवशी कुणीच काढलं नाही. अंधार पडल्यावर वाटेवरच्या झाडांत काजवे चमकत होते म्हणे. भाच्याने गाडी थांबवून मला दाखवलेही. मी डोळे उघडले नाहीत.

देवळाला पाय लावून झोपलेला माझा फोटो भाच्याने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला होता. परतीची गाडी वरठीला लागायच्या आत तो करडीला पोचला होता आणि पानठेल्यावर फिरून आला होता. मी काठी टेकत तिथून जाताना पानवाल्याने फार नम्रपणे विचारलं, "गुरुजी, बरफ पडला का जी?" बायकोने काहीच विचारलं नाही. तिने कूलरात स्वतः पाणी भरलं, तो माझ्याकडे वळवला आणि कॅलेंडर उलटं करून ते गणित पुन्हा एकदा, शांतपणे, पहिल्यापासून वाचलं.

अंगठे बरे होईपर्यंत मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि जे दिसलं ते आमच्या सगळ्यांच्या अभिमानाला फारसं मानवणारं नाही. कोक्याच्या बाजूच्या बाया मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. त्या कधी निघतात? अंधारात. नऊ-दहाला पत्त्याचे भारे घेऊन परत. त्याआधी चैत्रात मोहफुलं वेचायची, तीही पहाटेच. आमच्या शाळा मार्चपासून सकाळच्या होतात. बाजारपेठ दुपारी झोपते. बारा ते चार गावातला रस्ता कुत्र्यांनाही नको असतो. लग्नाची वरात संध्याकाळी. खिडक्यांना ओल्या ताट्या, डोक्याला दुपट्टा, घरात माठ, पोटात पन्हं. आमची अख्खी रीतभात उन्हाला तोंड न दाखवण्यावर उभी आहे. आणि 23 मे 2013 ला मी काय करत होतो? दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर, बनियनवर, टीव्हीवर पारा चढताना बघत होतो. त्या 47.9 अंशांतला अर्धा अंशही माझ्या वाट्याला आला नव्हता.

सावली कुठे आहे आणि ती किती वाजेपर्यंत टिकते, एवढंच वैदर्भीयाला इतरांपेक्षा जास्त कळतं. बारीच्या आजीलाही तेच कळतं, म्हणून ती सत्तरीत शिखरावर दुकान चालवते. मला ते कळत होतं, पण पंगतीतल्या मठ्ठ्याने विसरायला लावलं.

तेव्हा उन्हाळ्यात कळसूबाईला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : पहाटे चारच्या आत बारी सोडा, सूर्योदय वर बघा आणि नऊला खाली या. माणशी चार लीटर पाणी घ्या, त्यात मीठ-साखर घाला, आणि आजीकडे पिठलं खाल्ल्याशिवाय उतरू नका. आणि कुणी विदर्भाचा पाहुणा "आम्हाला उन्हाची सवय आहे" म्हणाला, तर त्याला फक्त एक विचारा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो शेवटचा घराबाहेर कधी पडला होता. उत्तर येईपर्यंत त्याच्या ताटात मठ्ठा वाढू नका.